ओनागादोरी पाहायला नानकोकूला जाताना

लांब शेपटाचा ओनागादोरी कोंबडा जपानच्या शिकोकू बेटावर, कोची प्रांतातल्या नानकोकू शहराच्या परिसरात तयार झाला. होन्शू बेटावरच्या ओकायामा शहरातून नानपू एक्स्प्रेस रेल्वेने निघालं की गोमेन स्टेशन सव्वादोन-अडीच तासांत येतं. कोची शहरात मुक्काम असेल तर हारिमायाबाशीहून गोमेनकडे जाणारी ट्राम घ्या आणि शिनोहाराला उतरा. या कोंबड्यांचं केंद्र तिथून जवळ आहे. आधी फोन केल्याशिवाय निघू नका. बर्ड फ्लूची साथ असली, विशेषतः हिवाळ्यात, तर पक्षी दाखवणं बंद होऊ शकतं.

साधा कोंबडा दरवर्षी पिसं झाडतो. ओनागादोरीच्या शेपटातली काही पिसं वर्षानुवर्षं झडत नाहीत आणि वर्षाला सुमारे 80 सेंमी ते 1 मीटर वाढतात. म्हणजे तीन मीटरचं शेपूट दिसलं, तर त्यामागे किमान तीन-चार वर्षांची अखंड निगा आहे. 1972 साली 10.6 मीटरची नोंद झाली. हा वाण 1952 पासून जपानमध्ये ‘विशेष नैसर्गिक स्मारक’, म्हणजे सरकारी संरक्षण असलेला नैसर्गिक वारसा आहे, आणि हा दर्जा असलेली जपानी कोंबडी ही एकच.

आवर्जून पाहायची ती तोमेबाको, म्हणजे उभी अरुंद पेटी. कोंबडा वर दांडीवर बसतो, दाणा-पाणी समोर, शेपूट खाली सुटतं. रुंदी मुद्दाम कमी ठेवतात, कारण तो वळला की पिसं गुंततात. वाढत्या पिसाच्या बुडाशी रक्त असतं. तिथे इजा झाली की पीस गळतं आणि वर्षांची वाढ वाया जाते. विष्ठा, ओल, पिसवा, शेजारच्या पक्ष्याची चोच हे बाकीचे शत्रू. चालायला बाहेर काढताना शेपूट कुणीतरी उचलून धरतं. पेटी पाहून अस्वस्थ वाटणं साहजिक आहे. पाळणाऱ्यांना पक्षी कधी आणि किती वेळ बाहेर काढता, हे मोकळेपणाने विचारा.

खरी चिंता शेपटाच्या लांबीची नाही, पैदाशीची आहे. पाळणारे मोजके आणि कळप लहान, त्यामुळे जवळच्या नात्यात जोड्या लागतात. मग अंडी फळत नाहीत, पिल्लं अशक्त निघतात. म्हणून वेगवेगळ्या घरांतले वंश वेगळे राखणं आणि नर अदलाबदल करणं गरजेचं ठरतं. पैदाशीचे नर पेटीत न ठेवता मोकळे ठेवावे लागतात. त्यांचं शेपूट तुटकं दिसलं तरी वाण त्यांच्यावरच टिकतो.

जमलं तर सकाळी लवकर पोहोचा. कोचीचाच तोतेंको कोंबडा 15 सेकंदांहून लांब बांग देतो, ती पहाटे ऐकावी.

फ्लॅश वापरू नका, शेपटाला हात लावू नका. भारतात कोंबड्यांच्या शेडवर जाऊन आला असाल तर जपानी विमानतळावर पशु-तपासणी कक्षात तसं सांगा. ते बूट सोबत नेऊ नका. चिकनचं लोणचं तर घरीच ठेवा, प्रमाणपत्राशिवाय मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत.