साखळी, रोव्हर आणि थोरल्यांची लेक

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत हद्द कायम मोजणीला गेलो होतो. दोन सख्खे भाऊ, मधल्या बांधावरून तंटा. मी रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा ठरवणारं यंत्र, उभा केला तशी धाकट्यानं हरकत घेतली, "साहेब, साखळी आणा. आभाळातनं बांध दिसतोय व्हय?"

हरकत अगदीच वेडगळ नव्हती. आमचे जुने नकाशे साखळी-आण्यांतच आहेत. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. त्यात नेटवर्क जेमतेम, फिक्स येईना, म्हणजे यंत्राला जागा नेमकी ठरवता येईना. तेवढ्यात थोरल्यांची लेक मध्ये पडली. ती पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते.

"काका, यंत्र बांध बघत नाही, उपग्रहांवरची घड्याळं बघतं. संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतं."

उपग्रह साधारण 20,200 किलोमीटरवर. तिथं गुरुत्वाकर्षण क्षीण, म्हणून त्यांचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला 45 मायक्रोसेकंद पुढं पळतं, वेगामुळं 7 मागं पडतं. उरले 38. प्रकाश मायक्रोसेकंदात 300 मीटर जातो. म्हणजे दुरुस्ती नसती तर दिवसाला अकरा किलोमीटरचा घोळ. म्हणून उपग्रह सोडण्याआधीच त्याचं घड्याळ किंचित हळू लावतात. आम्हाला प्रशिक्षणात बटणं शिकवतात, हे कुणी सांगत नाही.

"पण काळ बदलतोच का?" मी विचारलं.

"तिथली भूमिती वेगळी म्हणून." गुरुत्वाकर्षण ही ओढ नसून अवकाश-काळाची वक्रता आहे, असं आइन्स्टाइननं 1915 साली मांडलं. त्याला लागणाऱ्या गणिताचा पाया गणितज्ञ रीमाननं 1854 मध्ये घातला, आणि त्याच्याआधी होता गणितज्ञ गाउस. हा गाउस चक्क मोजणीवाला! 1820 नंतर हॅनोव्हर राज्याची त्रिकोण पाडून मोजणी करत उन्हातान्हात हिंडलेला. पृष्ठभाग वक्र आहे की नाही हे त्याच्याबाहेर न जाता, नुसती त्यावरची अंतरं मोजून कळतं, हे त्यानं 1827 मध्ये सिद्ध केलं. आमच्या शिवारात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंशच धरायची. पण पृथ्वीवर सुमारे 200 चौरस किलोमीटरचा त्रिकोण घेतला की ती एका सेकंदानं, म्हणजे अंशाच्या 3,600व्या भागानं, जास्त भरते.

पुढचं मात्र मला तिच्याकडून दोनदा ऐकावं लागलं. 1918 मध्ये गणितज्ञ वाईल म्हणाला, प्रत्येक ठिकाणची साखळी, म्हणजे लांबीचं माप, वेगळी असू द्या. इथली तिथल्याशी जुळवायचा नियम म्हणजेच विद्युतचुंबकीय क्षेत्र. आइन्स्टाइननं हरकत घेतली, की मग अणूच्या वर्णपटातल्या रेषाही तो कुठून फिरून आला त्यावर बदलतील, आणि तशा त्या बदलत नाहीत. 1929 मध्ये वाईलनं लांबी सोडून इलेक्ट्रॉनच्या लहरीची कला, म्हणजे लहर आपल्या चढउतारात कुठं आहे ते, धरली, आणि जमलं. 1954 मध्ये यांग आणि मिल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी तीच रीत वाढवली. अणुकेंद्रातली बलं पुढं त्याच चौकटीत बसली.

"म्हणजे सगळं एकाच नकाशात आलं?"

"नाही सर. गुरुत्वाकर्षणाचं क्वांटमशी, म्हणजे अणूंच्या जगातल्या नियमांशी, अजून जुळत नाही."

"मग हद्द कायम व्हायचीय म्हणा."

ती हसली. सगळं भौतिकशास्त्र भूमितीच, हा तिचा उत्साह मला जरा जास्त वाटला. मोजून झाल्याशिवाय सही करायची नाही, ही आमची सवय.

धाकटे इतका वेळ गप्प होते. "तुमचं अकरा किलोमीटर राहू द्या. माझी वीतभर जमीन कुठं गेली तेवढं सांगा."

फिक्स आला. खुणा रोवल्या. मग त्यांच्या समाधानासाठी टेप लावून तेच अंतर पुन्हा मोजून दाखवलं, आणि तेव्हा कुठं त्यांनी कागदावर सही केली.