रोमचं पाणी, रोमची गटारं: तीन दिवसांची पायपीट आणि तो एक किलोमीटर

प्राचीन रोमचं पाणी, गटारं आणि आरोग्य बघत तीन दिवस फिरायचं, तर आधी त्या एका किलोमीटरबद्दल, कारण सगळ्या वेळापत्रकाची वाट त्यानेच लावली. पोर्ता सान सेबास्तियानो या वेशीबाहेर नकाशावर व्हिया आपिया अंतिका हा प्राचीन रोमन रस्ता सुरू होतो आणि फोटोंमुळे वाटतं, की वेस ओलांडली की लगेच पाइनची झाडं आणि काळ्या दगडांची फरसबंदी लागेल. प्रत्यक्षात वेशीपासून ‘दोमिने क्वो वादिस’ चर्चपर्यंत दोन्ही बाजूंना उंच भिंती, मध्ये जेमतेम दोन गाड्यांचा रस्ता आणि फूटपाथ नाहीच. बस आली की भिंतीला पाठ चिकटवून पोट आत घ्यायचं. रविवारी वाहनं कमी असतात, तरी निर्धास्त राहू नका. पोरं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर हा तुकडा चालायचाच नाही, त्यात शौर्य काही नाही.

उपाय सोपा आहे, पण तो कुणी आधी सांगत नाही. वेशीपर्यंत जरूर चाला. वेशीच्या अलीकडे ‘द्रुससची कमान’ म्हणून जे दाखवतात, ती विजयाची कमान नव्हेच. कॅराकला सम्राटाच्या स्नानगृहांना पाणी नेणारा फाटा तिच्यावरून रस्ता ओलांडत असे. ती बघून तो किलोमीटर ११८ नंबरच्या बसने काढा. चर्चपाशी रस्ता दुभंगतो. डावीकडचा आपिया, उजवीकडचा व्हिया आर्देआतिना. दोन्ही सोडा आणि मधल्या फाटकातून सान कॅलिस्तोच्या आवारात शिरा. झाडांमधली शांत वाट आहे, पुढे पुन्हा आपियालाच लावून देते. बुधवारी तिथली भुयारी दफनघरं बंद असतात, तेवढा वार टाळा. खरी जुनी फरसबंदी चेचिलिया मेतेल्लाच्या गोल थडग्यानंतरच धड दिसते. दगड गुळगुळीत आणि फटी रुंद, पातळ तळव्याच्या बुटांत घोट्याची वाट लागते.

आरोग्याचा विषय धरून थडग्यांच्या रस्त्याला का जायचं? इ.स.पू. पाचव्या शतकातल्या रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात स्पष्ट कलम होतं, की मेलेल्याला शहराच्या आत पुरायचं नाही आणि जाळायचंही नाही. म्हणून वेस संपली की थडगी सुरू. हाच रस्ता आणि रोमचा पहिला जलसेतू आक्वा आपिया, दोन्ही एकाच माणसाने इ.स.पू. ३१२ मध्ये काढले. तो म्हणजे आपियस क्लॉडियस. जलसेतू जवळजवळ पूर्ण जमिनीखालून गेलेला, त्यामुळे बघायला काही नाही. शोधत बसू नका.

पहिल्या दिवसाची सुरुवात टायबर नदीतल्या बेटावरून करा. रोगाची साथ आली म्हणून एस्कुलेपियस या वैद्यदेवाला ग्रीसहून इथे आणलं, इ.स.पू. २९१ च्या सुमारास. बेटाच्या काठाला जहाजासारखा दगडी आकार दिला होता. त्याचा उरलेला तुकडा आणि त्यावरचा साप-काठी बघायला खालच्या धक्क्यावर उतरावं लागतं, पुलावरून दिसत नाही. आजारी गुलामांना मालक याच बेटावर टाकून जात. शेवटी क्लॉडियस सम्राटाला हुकूम काढावा लागला, की असा टाकलेला गुलाम बरा झाला तर तो स्वतंत्र. बेटावर आजही रुग्णालय आहे.

तिथून पाच मिनिटांवर पोंते पालातिनो. क्लोआका मॅक्सिमा या प्राचीन रोमच्या मुख्य गटाराचं तोंड या पुलावरून दिसतं. नदीला पाणी कमी असतानाच जा. ‘रोमन लोकांची आदर्श गटारव्यवस्था’ ही ओळ वाचून आलेल्यांची इथे निराशा होईल, झालीच पाहिजे. हे मुळात फोरमच्या, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाच्या, दलदलीचं पाणी काढायचं काम होतं. वास आणि वायू अडवणारा पाण्याचा सापळा घरांच्या जोडणीत नव्हता, आणि टायबर फुगली की गटाराचं पाणी उलटं शहरात. म्हणून बऱ्याच घरांनी गटाराशी जोडूनच घेतलं नाही. स्वयंपाकघराच्या शेजारी शोषखड्डा, तो भरला की उपसून शेतात. जंत कसे पसरत असतील ते वेगळं सांगायला नको.

कॅराकलाची स्नानगृहं (इ.स. २१६) प्रचंड आहेत, दीड तास पुरतो. एवढंच लक्षात घ्या, की पाण्यात क्लोरीन नव्हतं आणि रोगी-निरोगी एकाच कुंडात उतरत. जखम स्वच्छ झाली नसेल तर स्नानगृहात जाऊ नका, कारण ती ओली आणि घाण होऊन सडते, हे सेल्सस या रोमन वैद्यकलेखकाने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय.

दुसरा दिवस: मेट्रोच्या ए मार्गाने जुलिओ आग्रिकोला स्टेशन, मग चालत जलसेतूंचं उद्यान. फोटो काढण्याआधी बघा, कमानींची बुटकी रांग रोमन नाही. ती आक्वा फेलिचे, १५८० च्या दशकातली. उंच कमानी आक्वा क्लॉडिया या जलसेतूच्या, इ.स. ५२ मध्ये पुऱ्या झालेल्या, माथ्यावर आनिओ नोव्हस या दुसऱ्या जलसेतूचा कालवा. परत येताना ट्रामने पोर्ता मॅजोरेला उतरा. तिथे वेशीच्या माथ्यावर दोन्ही कालव्यांची भोकं एकावर एक दिसतात, आणि खालचे शिलालेख म्हणजे जाहीर कबुलीच आहे. क्लॉडिया नऊ वर्षं बंद पडून होता, व्हेस्पेसियन सम्राटाने इ.स. ७१ मध्ये दुरुस्त केला. दहा वर्षांनी टायटस सम्राटाला पुन्हा हात घालावा लागला. ठेकेदारी तेव्हाही तशीच.

आनिओ नोव्हस थेट नदीतून घेतलेला, पाऊस पडला की गढूळ. इ.स. ९७ मध्ये पाणीखातं फ्रॉन्टिनसकडे आलं, तेव्हा त्याची तक्रार हीच होती: हे गढूळ पाणी चांगल्या पाण्यात मिसळून तेही नासवतं. नळवाल्यांनी पाइपला चोरून भोकं पाडून पाणी विकल्याची यादीही त्याने दिली आहे. शिशाच्या पाइपांचा बाऊ मात्र थोडा कमी करा. पाणी सतत वाहतं होतं आणि कठीण पाण्याचा चुन्याचा थर आतून बसत असे. शिशाच्या भांड्यात आटवलेला द्राक्षरस जास्त घातक.

प्यायच्या पाण्यावर पैसे घालवू नका. कोलोसियमजवळ बाटलीला वाटेल तो भाव सांगतात. रस्त्यावरच्या ‘नाझोने’ नळांचं पाणी फुकट आणि थंड. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, ओठ न लावता पिता येतं. वेशीच्या आत बाटल्या भरून घ्या, आपियावर नळ विरळ आहेत.

महागाईवरून आठवलं. फोरमच्या टोकाला, मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकाखाली, मसाल्यांची सरकारी कोठारं होती. प्लिनी या रोमन लेखकाने दिलेले भाव पौंडाला असे: काळी मिरी ४ दिनार (रोमन चांदीचं नाणं), पांढरी ७, पिंपळी १५. पिंपळी भडोचहून जहाजात चढायची. पैठण आणि तेरचा मालही त्याच बंदरावर येई. रोमन वैद्यांची बरीच औषधं या दोन दाण्यांवाचून अडत.

तिसरा दिवस ओस्तिया अंतिका, म्हणजे रोमचं जुनं बंदरगाव, सोपा. पोर्ता सान पाओलोहून लोकल, साधं मेट्रोचं तिकीट चालतं. तिथल्या फोरमच्या स्नानगृहाशेजारचं सार्वजनिक शौचालय चुकवू नका. संगमरवरी बाकांना वर भोक आणि समोरही खाच, काठीला बांधलेला स्पंज आत घालायला. पायाशी छोटी पन्हळ. स्पंज सगळ्यांचा एकच असेल, तर खाली कितीही वाहतं पाणी असून काय उपयोग? ‘सात ऋषीं’च्या खोलीत भिंतीवर ग्रीक ज्ञानी लोक बद्धकोष्ठावर सल्ले देतात. थेलीस म्हणतो, जोर लावा.

स्वतःची सोय मात्र कॅफेपाशीच आहे आणि अवशेष दूरवर पसरलेत, त्यामुळे पुढे निघण्याआधी जाऊन या.