धरणग्रस्तांची गुंडाळी उजवीकडून बघा

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात चिनी चित्रकार युन-फेइ जी यांचं २००९ सालचं एक गुंडाळीचित्र आहे. विषय चीनच्या यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाचा. उंची साधारण ४० सेंटीमीटर, लांबी तीन मीटरच्या वर. आपण सवयीने डावीकडून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. चिनी गुंडाळी उजवीकडून उलगडते.

लांबून हे जुन्या वळणाचं निसर्गचित्र वाटतं. काचेला नाक लागेल इतकं जवळ गेलं, की बाडबिस्तरा बांधलेली माणसं दिसू लागतात. धरणाचं पाणी २००३ मध्ये १३५ मीटर पातळीला आणि २०१० मध्ये १७५ मीटरला पोचलं. सुमारे १३ लाख लोकांना हलवलं गेलं. कोयना ऐकत वाढलेल्यांना ती बोचकी ओळखायला वेळ लागत नाही.

समोर दिसतात ते मात्र कुंचल्याचे फटकारे नव्हेत, लाकडी ठोकळ्यांचे ठसे आहेत. जींच्या मूळ चित्रावरून बीजिंगच्या रोंगबाओझाई या ठोकळाछपाईच्या जुन्या संस्थेच्या कारागिरांनी ते छापले. आधी रंगछटांप्रमाणे चित्राची फोड करायची, प्रत्येक तुकड्याची रेघ पातळ कागदावर उतरवायची, तो कागद नासपतीच्या लाकडावर उलटा चिकटवून कोरायचा. मग ठोकळ्यावर ब्रशने पाण्यातला रंग लावून ओलसर शुआन कागदावर, म्हणजे चिनी चित्रांसाठीच्या पारंपरिक हातकागदावर, छाप घ्यायचा. सगळी मेख त्या ओलाव्यात. कागद सुकला तर आकसतो, पुढचा ठसा जागेवर बसत नाही आणि छटांच्या कडा कडक येतात. जास्त भिजला तर रंग फुटतो. म्हणून छपाई चालू असेपर्यंत ओल सारखी ठेवावी लागते.

असे कागद उजेडाला नाजूक असल्याने कायम मांडलेले नसतात. जाण्याआधी संकेतस्थळावर सध्या काय लावलंय ते बघा.

चिनी चित्रकार लिऊ श्याओडोंग यांनी याच विस्थापनावर २००४ मध्ये केलेलं तैलचित्र याच्या अगदी उलट: ३ मीटर उंच, १० मीटर रुंद. तिथे पाच-सहा पावलं मागे सरावं लागतं. २००६ मध्ये बीजिंगच्या लिलावात ते २.२ कोटी युआनला गेलं. विस्थापितांच्या चित्राला एवढा भाव, असो. मोबाइलवरच बघणार असाल तर लिऊंचं थोडंफार चालून जाईल. जींची गुंडाळी तिथे नुसती एक करडी पट्टी होते.