पुरानं धुतलेली शाळेतली चित्रं

माझी शाळेतली बरीच चित्रं २०१९ च्या पुरात भिजली. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, आणि आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत नदीच्या अंगाला, त्यामुळं खालच्या खणातलं सगळंच पाण्यात गेलं. पाणी उतरल्यावर आईनं कागद दोरीवर चिमटे लावून वाळत घातले, पण घरभर चिखल असताना चित्रं कोण बघत बसतंय. परवा तो गठ्ठा सोडला आणि एकेक कागद नीट बघितला, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहितेय.

बहुतेक कागद एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांच्या तयारीतले. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, ज्यांनी परीक्षा दिल्यात त्यांना हे सगळं पाठ असेल. आमचे सर रंग सपाट आणि स्वच्छ बसला पाहिजे यावर लई भर द्यायचे आणि माझा बसायचा, संकल्पचित्रांचं वर्गात कौतुक व्हायचं. पुरानं नेमकी तीच चित्रं पार धुतली. पोस्टर कलर वाळला तरी त्यातला डिंक पाण्यात परत सुटतो, त्यामुळं रंग वाहून गेला आणि कागदावर नुसते गढूळ डाग राहिले. पेन्सिलीचं मात्र तसं नाही, ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही, ते कागदाच्या दाण्यांत बसलेलं असतं तिथंच राहतं.

आणि रंग गेल्यामुळं खालचं रेखाटन वर आलं! एक स्मरणचित्र आहे, विषय आठवडी बाजार. त्यात डाव्या बाजूला एक म्हैस आहे आणि तिचा मागचा पाय मी एकदा काढलाय, मग थोडा मागं सरकवलाय, मग परत गुडघा खाली घेतलाय. तिन्ही पाय एकावर एक दिसतात. शेवटची रेघ दाबून काढलेली आणि ती बरोबर आहे, म्हशीचं वजन खरंच त्या पायावर आलंय. रंगवलेल्या चित्रात यातलं काही दिसत नव्हतं, तिथं नुसती एक काळी म्हैस उभी होती.

म्हशी कुठून आल्या ते सांगते. संध्याकाळी आबा मला गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन जायचे. बाहेरच्यांना सांगायचं तर आमच्याकडं गवळी म्हशी घेऊन रस्त्यावरच उभे असतात, समोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. आबांच्या गप्पा सुरू झाल्या की मी पायरीवर बसून वहीत म्हशी काढायची. शिकणाऱ्या पोराला याहून चांगलं मॉडेल मिळणार नाही, कारण धार काढताना म्हैस जागची हलत नाही, फक्त कान आणि शेपटी तेवढी चालू. माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर येतात, त्यांच्यामधला खोलगट भाग, पोटाखाली येणारी सावली, हे मी पुस्तकातनं नाही तिथं बसून शिकले. त्या वहीतली पानं बॉलपेनची आहेत, कडा पिवळ्या पडल्यात पण रेघा जिवंत आहेत.

म्हशीला बाटलीतला काळा लावायचा नाही हे पण तेव्हाचंच. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळला की निळसर काळा मिळतो, उन्हातली म्हशीची पाठ तशीच दिसते. मी आजही तोच काळा वापरते.

टाऊन हॉल म्युझियममध्ये कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, तिथं मी शाळेत असल्यापासून जाते. परवा परत गेले. आता मी तिथं रंगांच्या आधी त्यांची रेघ कुठं थांबते ते बघते, आणि ही नजर मला माझ्याच धुतलेल्या कागदांनी दिली असं मला मनापासून वाटतं. घरच्यांचं म्हणणं, खराब झालेलं टाकून दे, चांगली चार ठेव. मी एकही टाकणार नाही. ज्यांच्या घरी पोरांची चित्रं आहेत त्यांनी खोडलेली, अर्धवट सोडलेली पानं पण ठेवा, कारण पोरगं काय बघत होतं ते तिथंच सापडतं.

एक गोष्ट मात्र त्या गठ्ठ्यात कुठंच नाही, पळणारी म्हैस. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून म्हशी बाहेर काढतात आणि त्या मालकाच्या गाडीमागं काय सुसाट सुटतात, ते दरवर्षी बघूनही मी शाळेत कधी काढलं नाही, बहुतेक उभ्या म्हशीचीच सवय लागली होती. आता चारकोलनं तेच चाललंय, मोठ्या कागदावर, पाय पाहिजे तितक्या वेळा सरकवतेय आणि आधीच्या रेघा पुसत नाहीये.