तुम्ही विचारलंत म्हणून: घोडी लोकाच्या तबेल्यात काहून?

दुकानात बियाणं घ्यायला आलेला माणूस असो की लग्नात बाजूच्या खुर्चीवर बसलेले कोणाचे तरी सासरे, माझ्याकडे घोडी आहे हे कळलं की तिसरा प्रश्न हाच असतो. "काहून भाऊ, सोताची घोडी लोकाच्या तबेल्यात काहून ठेवता? घरी जागा नाही का? अन् जीवाले घोर नाही लागत?" जागा आहे, घोरही लागतो. पण दोन वाक्यात सांगितलं की लोकांना वाटतं हा टाळून राहिला, म्हणून एकदाचं सगळंच लिहून टाकतो.

मैना मी माळेगावच्या यात्रेतून आणली, नांदेड जिल्ह्यातलं खंडोबाचं माळेगाव, लोहा तालुका. पुसदहून आम्ही तिघं निव्वळ पाहायला गेलो होतो, आणि पाहायला गेलेला माणूस तिथून रिकाम्या हाती येत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कुमैत म्हणजे लालसर तपकिरी रंग, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा, म्हणजे पंचकल्याणी, कानाची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात तसे मारवाडी कान. एवढी देखणी घोडी बासष्ट हजारात कशी काय मिळून राहिली म्हणून मी खूश, तर सोबतच्या जाणत्याने हळूच दाखवलं, डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा. बाजारात त्याला आसूढाळ म्हणतात, मालकाला रडवणारी खोड. वरातीवाले असलं जनावर घेत नाहीत म्हणून भाव पडलेला. मी म्हटलं, मी कृषी केंद्रवाला माणूस, उधारीने तसाही रडतोच, आणखी काय रडवणार.

पहिले पाच महिने ती घरीच होती. मागच्या वाड्यात टिनाचं शेड टाकलं, सिमेंटचं टाकं बांधलं, पोरीने दारावर खडूने नाव लिहिलं. खायला कमी नव्हतं, पण घोडी दिवसभर एकाच जागी उभी राहून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे डोलत राहायची, शेजारच्या आजी म्हणायच्या भजन म्हणते. भजन नव्हतं ते, एकटेपणाचं खूळ होतं. घोडं हे कळपाचं जनावर आहे, एकटं ठेवलं की त्याला सतत वाटतं आता काहीतरी येऊन खाईल. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, की घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो हे खरंच, पण पक्की झोप पाहिजे असेल तर त्याला आडवं व्हावंच लागतं, रोज थोडा वेळ का होईना, आणि आडवा तो तेव्हाच होतो जेव्हा दुसरं कोणी उभं राहून पाहून राहिलंय याची खात्री असते. मैना आमच्या वाड्यात पाच महिन्यात एकदाही आडवी झालेली मी पाहिली नाही. पुढचे गुडघे सोललेले असायचे, उभ्याउभ्या झोप लागून तोल जायचा आणि ती गुडघ्यांवर पडायची. आम्ही समजायचो टाक्याला लागलं.

मग दिग्रसकडे जाणाऱ्या रोडच्या आत, घरापासून अकरा किलोमीटरवर, वरातीचे घोडे ठेवणाऱ्या एका काकांकडे बोलणं केलं. त्यांच्याकडे तेव्हा चार घोडी, एक शिंगरू. महिन्याचे साडेसहा हजार, कडबा त्यांचा, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक माझा. तिसऱ्या आठवड्यात रात्री अकराला काकांनी व्हिडिओ पाठवला. अंधारात काही दिसेना, मग टॉर्च फिरली तर मैना चारही पाय पसरून, मान जमिनीवर टाकून मेल्यासारखी पडलेली, माझ्या पोटात गोळा आला, तेवढ्यात व्हिडिओतून काकांचा आवाज, "झोपली भाऊ, पाहा, घोरून राह्यली." बाजूला त्यांची म्हातारी नुकरी, म्हणजे पांढरी, घोडी उभी होती पहाऱ्यावर. मी बायकोला उठवून दाखवला तो व्हिडिओ. ती म्हणाली घोडी झोपली हे दाखवायला तुम्ही मला उठवलं?

तर घरी काहून नाही याचं उत्तर एवढंच आहे. साडेसहा हजार मी जागेचे देत नाही, रात्रीच्या नजरेचे देतो. एक नजर नुकरीची, एक काकांची.

आता घोराचं सांगतो, कारण नजर विकत घेतली तरी ती आपली नसते.

पहिला घोर खाण्याचा. आपल्याकडे ज्याच्या घरी गाय-बैल आहे त्याला वाटतं घोडं म्हणजे बिनशिंगाचा बैलच. बैलाला सोयाबीनचं कुटार म्हणजे मळणीचा भुसा टाकला, सरकी ढेप टाकली, जमून जातं. घोड्याचं तसं नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने इवलंसं असतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घोड्याला उलटी होत नाही, जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट की आत गेलं ते गेलं. पावसाळ्यात भिजलेलं कुटार, त्यावर बुरशी, गाय तोंड फिरवेल नाहीतर खाऊन जिरवेल, घोडा मरूही शकतो. मी स्वतः दुकानात पशुखाद्य विकतो म्हणून मला माहीत आहे, काही तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला चालतं, घोड्याच्या हृदयाला ते विष आहे, अगदी थोडं पुरतं. काकांच्या गड्याने एकदा घाईत चंदीच्या डब्यातच गाईचं खाद्य ओतून ठेवलं होतं. नशीब मी त्या दिवशी डब्यात हात घातला, गोळ्यागोळ्यांचं काहीतरी हाताला लागलं. तेव्हापासून आमचा डबा निळा आणि त्याला कुलूप, किल्ली एक माझ्याकडे एक काकांकडे, आणि मी गेलो की आधी कडब्याच्या पेंढीत नाक खुपसून वास घेतो, गडी हसतात, हसू द्या.

दुसरा घोर, कोण कुठून आलं. वरातीचा धंदा म्हटल्यावर सीझनमध्ये बाहेरची घोडी येऊन राहतात, आज हिंगोलीची, उद्या वाशिमची. ग्लँडर्स नावाचा रोग आहे, नाकातून शेंबूड, अंगावर गाठी, माणसालाही होतो. रक्ताचा नमुना थेट हरियाणात हिसारला, घोड्यांच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रात जातो, आणि पॉझिटिव्ह आलं की कायद्याने जनावर मारावं लागतं, तिथे रडारड चालत नाही. म्हणून मी काकांशी भांडून एक नियम करून घेतला की पाहुणं घोडं पलीकडच्या कडुलिंबाखाली बांधायचं, त्याची बादली वेगळी, तोबरा म्हणजे तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी वेगळी. नियम पाळला जातो का? बहुतेक वेळा जातो. 'बहुतेक' याच शब्दावर माझी झोप टांगलेली असते.

पावसाळा तर विचारूच नका, आणि नेमका तोच माझा धंद्याचा सीझन, जूनमध्ये दुकानातून मान वर काढता येत नाही आणि तिकडे काळ्या मातीचा चिखल खुरात बसून खूर सडायला लागतो. मोठ्या चावऱ्या माशांमुळे सर्रा नावाचा रोग होतो, ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायावर सूज येते, घोडा वाळत जातो, म्हणून संध्याकाळी लिंबाच्या पाल्याचा धूर आणि शंका आली की रक्ताची तपासणी. नालबंद दोन तालुक्यांत मिळून एकच माणूस आहे, सहा-आठ आठवड्यांनी त्याची वेळ मिळवणं म्हणजे तहसीलदाराची सही मिळवणं.

आणि चमकीचा किस्सा. मे महिना होता, सकाळी आठला मी खरारा करत होतो, आयाळीतून ब्रश फिरवला तर सोनेरी चमकी खाली पडली. पुन्हा फिरवला, पुन्हा चमकी. कानाच्या मागे गुलाल. अंगावर तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, आवळल्याचा वण. मला काही क्षण कळेचना, मग कळलं तेव्हा डोकं फिरलं. माझी घोडी वरातीला नेली होती. पैशाचं सोडा हो, डीजे! त्या भिंतीएवढ्या बॉक्ससमोर, फटाक्यांत, तापलेल्या डांबरी रोडवर. काका आधी म्हणाले होळीचा रंग असेल. मे महिन्यात. मग म्हणाले, "आमचा घोडा लंगडला भाऊ, वरात दारात उभी, दोन घंट्याचा तर विषय होता." आणि तो अपशकुनी भोवरा? त्याच्यावर त्यांनी मण्यांची झालर सोडली होती, नवरदेवाला दिसूच दिलं नाही. ज्या खोडीपायी ती घोडी बाजारात कोणी घेत नव्हतं, तीच झालरीखाली झाकून कोणाचं तरी शुभमंगल लावून आली.

मी त्या दिवशी घोडी हलवायचीच ठरवली. टेम्पोवाल्याशी बोललोसुद्धा. पण टेम्पो न्यायचा कुठे, आणि दुसरं म्हणजे त्या आधीच्या डिसेंबरातली रात्र आठवली.

रात्री पावणेदोनला फोन. "भाऊ, मैना काही ठीक नाही वाटून राह्यली. पाय आपटते अन् पोटाकडे पाह्यते. लीद नाही टाकली संध्याकाळपासून." थंडीत घोडी पाणी कमी पितात, आणि वरून जाडंभरडं तुरीचं कुटार खाल्लेलं, आत गच्च बसलं. मी स्वेटरवर स्वेटर घालून गाडी काढली. पोचलो तर काका तिला मोरखीला धरून हळूहळू फिरवत होते, ती लोळायला बघायची, गुडघे टेकवायची, ते पुन्हा उठवायचे. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून मोबाईलवर मिनिट लावून नाडी मोजली. शांत घोड्याची 28 ते 44 असते, तिची 64. कान पोटाला लावला तर एरवी जी गुडगुड चालू असते ती जवळजवळ बंद. डॉक्टर साडेतीनला आले, बिचारे गाई-शेळ्यांचे डॉक्टर, पण आले, नागपूरचं व्हेटर्नरी कॉलेज चार-पाच तासांवर, एवढ्या वेळात काय होईल ते होऊन जातं. नाकातून नळी टाकून लिक्विड पॅराफिन सोडलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले आता वाट पाहा.

आम्ही वाट पाहिली. शेकोटी, बिडी, चहा नाही कारण दूध नाही. काका त्या रात्री बसले नाहीत, खरंच बसले नाहीत, वय पासष्टच्या वर. सकाळी सातला मैनाने शेपूट उचलली. चार मोठी माणसं, त्यात एक सरकारी डॉक्टर, एका घोडीच्या मागे वाकून उभी, आणि पहिली लीद पडली तेव्हा जो आनंद झाला तो मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता. वाफ निघत होती त्यातून. डॉक्टरांनी काडीने ती फोडून पाहिली आणि म्हणाले, आता चहा सांगा.

ज्या माणसाने हे केलं त्यानेच सहा महिन्यांनी चमकी केली. हिशेब कसा लावायचा मला अजून कळलेलं नाही. टेम्पो परत पाठवला, काकांशी पंधरा दिवस नीट बोललो नाही, मग बोललो. नंतर एकदा सहज विचारलं, त्या नवरदेवाचं बरं चाललंय ना? तर म्हणाले, "पोरगी झाली त्याले, मस्त हाय."

आनंदाचं कमी लिहिलं, कारण तो सांगायला गेलं की हातात काही राहत नाही. रविवारी पहाटे खोगीर टाकून डोंगराच्या पायथ्याने जातो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटलेला असतो, सागाची पानं टापांखाली कडकड वाजतात, आणि ती रेवाळ चालीवर, म्हणजे बिनहिसक्याच्या झपझप चालीवर, आली की अंगातलं पाणी हलत नाही, इतकं गुळगुळीत. मी काही मोठा घोडेस्वार नाही, दोनदा पडलोय, एकदा तर चालू म्हशीवर. माझ्या स्प्लेंडरचा आवाज आला की लांबूनच खिंकाळते, याचा मला फार अभिमान होता, नंतर कळलं दूधवाल्याच्या स्प्लेंडरलाही खिंकाळते. पोळ्याला पोरगी तिच्या गळ्यात बैलाची घुंगरमाळ घालते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा दुपारी बादलीने पाणी घालताना ती डोळे मिटून खालचा ओठ लोंबकळू देते, त्या ओठाकडे पाहत मी दुकानाचं कितीही टेन्शन असलं तरी तास काढू शकतो.

हे लिहिता लिहिता सव्वादहा झाले आणि फोन वाजला, काकांचं नाव. बायको टीव्हीचा आवाज बंद करून माझ्याकडे बघायला लागली. "काही नाही भाऊ, लाईन आत्ता आली अन् मोटर चालू केली तं टाक्याचा पाईप फुटला. बादलीनं पाजलं सगळ्यायले. उद्या येतानी अर्ध्या इंचीचा वीस फूट आणजा."