ताझनाख्तचा उभा माग

मोरोक्कोतल्या माराकेशच्या जुन्या शहरात राहबा कदीमा चौकाला लागून गालिच्यांचा बाजार भरतो. त्याच्या फ्रेंच नावात ‘बर्बर’ शब्द आहे. मराठी कानाला तो ‘रानटी’ असाच ऐकू येतो, आणि ग्रीक लोक परक्या बोलीच्या माणसांना जे म्हणत त्यातूनच तो आलाय. हे गालिचे विणणारी माणसं स्वतःला अमाझिघ म्हणवतात. 2011 च्या राज्यघटनेने त्यांच्या भाषेला अरबीच्या जोडीने मोरोक्कोची अधिकृत भाषा केलं. म्हणून मीही अमाझिघच म्हणणार.

पुदिन्याचा चहा पुढे ठेवून दुकानदाराने गालिचे उलगडायला सुरुवात केली. पहिला बेनी वराइन जमातीचा. न रंगवलेली दुधाळ लोकर, त्यावर काळपट तपकिरी रेघांचे तिरके चौकोन. लव इतकी लांब की हात ठेवला आणि बोटं दिसेनाशी झाली. दुकानदाराने तो उलटा करून माझ्या खांद्यावर टाकला, केसाळ बाजू अंगाकडे. तेव्हा लक्षात आलं, हे मुळात दिवाणखान्यासाठी विणलेलं नाही. मध्य अ‍ॅटलास पर्वतातल्या बर्फात मेंढ्या राखणाऱ्यांचं हे अंथरूण आणि पांघरूण.

मग आझिलाल आला, उच्च अ‍ॅटलासमधला. पांढऱ्यावर मनाला येईल तसे रंग, अर्ध्यात बदललेली नक्षी. बुजादचा लाल-गुलाबी. हंबल तर सपाट, गाठींविना विणलेला, आपल्या सतरंजीसारखा. मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती बुशरवीतपाशी. जुने स्वेटर, फाटके कपडे, नायलॉनचे तुकडे कापून त्यांच्या गाठी मारलेल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकर परवडेनाशी झाली, तेव्हा बायकांनी घरातल्या चिंध्या मागावर चढवल्या. आजीच्या गोधडीत तिचं जुनं लुगडं ओळखू यायचं, तसं इथेही कुणाचा तरी निळा स्वेटर ओळखू येत होता.

दुसऱ्या दिवशी 2,260 मीटरवरची तिझी न तिश्का खिंड ओलांडून वारझाझातला आलो आणि तिथून ताझनाख्तला. लहानसं गाव, पण आजूबाजूच्या सिरुआ डोंगरातल्या कितीतरी वस्त्यांचे गालिचे इथे येतात. बायकांच्या एका सहकारी संस्थेत आत बोलावलं. भिंतीला टेकवलेला उभा माग, त्यापुढे दोघी शेजारी-शेजारी बसलेल्या. समोर कागद नाही, नमुना नाही. ताण्याच्या दोन धाग्यांत गाठ, कात्रीने टोक कापलं, पुढची गाठ. ओळ भरली की बाणा घालायचा आणि जड लोखंडी फणीने दाणदाण ठोकायचं. त्या ठोक्याने खोलीतली जमीन हलल्यासारखी वाटायची.

इथली लव आखूड असते. सिरुआच्या मेंढ्यांची लोकर लांब धाग्याची, चमकदार. ती रंग छान धरते. मंजिष्ठाचा लाल, निळीचा निळा. आता बाजारचे रंगही वापरतात, ते त्यांनी लपवलं नाही. एकाच गालिच्यात गाठींचे पट्टे, सपाट विणीचे पट्टे आणि भरतकामासारखी दिसणारी वीण अशा तिन्ही गोष्टी येतात. बाजारात त्याला ‘ग्लावी’ म्हणतात. मला इथलं काम सगळ्यात अवघड वाटलं, आणि दोघी बसल्या तरी मोठ्या गालिच्याला महिने लागतात हे कळल्यावर कालची माझी घासाघीस आठवून वाईट वाटलं.

माराकेशला ऐकलं होतं, तिरका चौकोन म्हणजे स्त्री, नागमोडी रेघ म्हणजे पाणी. मी थोरल्या बाईंना विचारलं. त्या तशलहितमध्ये, म्हणजे इथल्या अमाझिघ बोलीत बोलल्या, आमच्या ड्रायव्हरने अर्थ सांगितला, “आई असाच काढायची, म्हणतात.” अर्थ असतीलही, पण दुकानात मिळतात तितके पाठ केलेले नसावेत. एक गोष्ट मात्र त्या आपणहून बोलल्या. मागावर ताणा चढला की गालिच्यात जीव येतो, आणि पुरा झाल्यावर दोरे कापायच्या वेळी त्यावर पाणी शिंपडतात. जाणाऱ्याला पाणी द्यावं तसं. हे सांगताना त्यांनी फणी खाली ठेवली होती.

मी एक लहान गालिचा घेतला. त्याला विणणारीच्या नावाची चिठ्ठी होती. मधोमध लाल रंग एका सरळ रेषेत एकदम फिका होतो. देवाखेरीज कुणी परिपूर्ण नाही म्हणून मुद्दाम चूक ठेवतात, असं वाटाड्याने सांगितलं होतं. मी त्या रेषेवर बोट ठेवलं तशा दोघी हसल्या.

“रंग संपला होता,” ड्रायव्हर म्हणाला. “पुढच्या बाजाराला पुन्हा आणला, तो असा निघाला.”