उंचावरच्या ट्रॅकची वेळ खाली आणताना

एकाच गाडीच्या ड्रॅग रेसिंगच्या दोन टाइम स्लिपा (धावेची वेळ आणि वेग छापलेल्या चिठ्ठ्या) माझ्यासमोर होत्या. एक 5800 फूट उंचीवरच्या ट्रॅकची: क्वार्टर मैल 14.20 सेकंदांत, शेवटी वेग ताशी 96 मैल. दुसरी समुद्रसपाटीलगतची: 13.41 आणि 102. गाडी खरंच सुधारली, की सगळी हवेची कृपा?

आधी जेटचं, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राचं सांगतो. वर हवा विरळ असते, पण कार्ब्युरेटर पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही. प्लग काढून पाहिले तर टोकं काजळीने काळी. बारीक जेट घातले आणि मगच स्लिप घेतली, नाहीतर ट्यूनिंगचा दोष हवेच्या नावावर खपला असता. खाली आल्यावर मोठे जेट परत.

आता गणित. इंजिनाची ताकद ढोबळमानाने हवेच्या घनतेप्रमाणे बदलते. वेग त्या ताकदीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि वेळ त्याच प्रमाणात घटते. 5800 फुटांवर प्रमाणित (स्टँडर्ड) हवेची घनता समुद्रसपाटीच्या 84 टक्के, घनमूळ 0.944. वेळेला गुणलं, वेगाला भागलं: 13.40 आणि 101.7. खालच्या स्लिपशी इतकं चपखल जुळलं की मला संशयच आला.

एनएचआरए ही अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था उंच ट्रॅकसाठी असेच उंचीवरून ठरलेले गुणक वापरते. डेन्व्हरजवळचा, 2023 मध्ये बंद झालेला बँडिमेअर स्पीडवे साधारण याच उंचीचा. स्पर्धेत एका वर्गातल्या सगळ्यांना एकच गुणक, म्हणून तिथे ते चालतं. पण हवा रोज बदलते. वर त्या दुपारी तापमान 30 अंश होतं, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (प्रमाणित हवेत इतकी घनता ज्या उंचीवर असते ती उंची) 9000 फुटांच्या घरात. खालीही उन्हाळाच, तिथे 2000. (यासाठी दाब ट्रॅकवरच मोजायचा. हवामानाच्या बातम्यांतला आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. तो घेतला तर उंची दुरुस्तीतून गायबच होते.)

दोन्ही घनतांचं गुणोत्तर 0.81, घनमूळ 0.931. आता खाली 13.22 आणि 103.1 यायला हवे होते. म्हणजे गाडी सुधारली तर नव्हतीच, उलट जवळजवळ दोन दशांश सेकंद कुठेतरी सांडले होते.

ते सापडले पहिल्या 60 फुटांत. वर ताकदच कमी, त्यामुळे लाँच, म्हणजे सुटतानाची झेप, स्वच्छ. खाली दाट हवेत ताकद आली आणि टायर जागेवरच फिरले. गुणकाला टायर माहीत नसतात. वेगातली एका मैलाची तूट मी मनावर घेतली नाही: विरळ हवेत गाडीला अडवणारा वाराही कमी असतो, आणि हे सूत्र तो धरत नाही. टायर सुरुवातीला फिरले तर वेळ जाते, शेवटचा वेग फारसा बदलत नाही; म्हणून ताकदीचा अंदाज घेताना मी वेळेपेक्षा वेगावर जास्त भरवसा ठेवतो.

मित्राने त्याच्या टर्बो गाडीची (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेल्या) स्लिपही माझ्याकडे सरकवली. तिला मी हा गुणक लावला नाही. टर्बो वर थोडा जास्त फिरून बरीचशी हवा भरून काढतो, त्यामुळे तिची वेळ कागदावर फुकट घटली असती. त्याला ते फारसं आवडलं नाही.